गवळणीला हाक

"आबा, गवळण घाटात जायची न्हाई. सांगून ठेवते."

वर्षालीनं घमेलं खाली आपटलं, तशी घोडीनं कान टवकारले आणि बबनराव मनातल्या मनात सुखावले. नात त्यांच्याशीच भांडत होती, तरी सुखावले.

"सरावाची एकच फेरी गं. बबनरावाची घोडी अजून हाय, येवढं लोकांनी बघितलं तरी बास."

"लोकांनी बघून काय व्हतंय? तिचा मागला डावा पाय दुखतोय. बरकतचाचांनी सांगितलंय, फिरवायची, पळवायची न्हाई."

"बरकत लई शाना."

"तुमच्यापरीस हाय."

एवढं बोलून नववीतली ती पोर दप्तर पाठीला लावून, कंपनीच्या भिंतीच्या कडेकडेनं बसथांब्याकडं निघून गेली. बबनराव हसत हसत घमेल्यातला भिजवलेला हरभरा घोडीपुढं सरकवायला वाकले. दीड वर्षामागं ह्या पोरीच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून त्यांनी भैरोबाला नारळ बोलला होता.

कुरणवाडी चाकण आणि राजगुरुनगरच्या मधी. गावाची निम्मी शीव कंपन्यांच्या पत्र्याखाली गेली. बबनरावाकडं उरला तो भिंतीलगतचा बावीस गुंठ्याचा तुकडा, तांबड्या मुरमाड मातीचा. वारा फिरला की तिथं ज्वारीच्या कडब्याच्या वासात रंगाच्या भट्टीचा वास मिसळायचा. मुलगा ज्योतीराम त्याच कंपनीत शिफ्टला जायचा. नातू समर्थही जायचा. एका संध्याकाळी बहिणीला क्लासवरनं आणताना हायवेला कंटेनरनं त्याच्या गाडीला धक्का दिला. समर्थ जागीच गेला. मागं बसलेली वर्षाली वाचली, खरचटण्यावर निभावलं.

वाचली म्हणायचं खरं. त्या दिवसापासून पोरीनं तोंडच मिटलं. विचारलं तर मान हलवायची, दिलं तर खायची. शाळा सुटली. चिंचवडच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत नेऊन झालं. तिची आई विजयश्री रोज तिच्याशी बोलून बोलून दमायची आणि मोरीत जाऊन रडायची.

मग एकदा बरकत नाल ठोकायला आला. बरकतचं चिखलीला पंक्चरचं दुकान, पण हाडाचा नालबंद. घोड्या राहिल्या नाहीत म्हणून टायरला लागलेला. गोठ्याच्या दारात ती पोर भुतासारखी उभी बघून म्हणाला, "बेटा, जरा इधर ये. हिचा पाय धर."

वर्षाली पुढं आली ती घोडीच्या मागून, गुपचूप. घोडीनं अशी लाथ झाडली की खुंटा हलला.

"ऐसा नहीं," बरकत शांतपणे म्हणाला. "घोड्याला मागचं दिसत नाय. मागून जायचं तर आधी आवाज द्यायचा. मी हाय, म्हणून सांगायचं. त्याला कळलं पाहिजे कोण येतंय ते. बोल, मगच पाय मिळंल."

बबनराव कडब्याची पेंढी हातात धरून थिजले. पोर कडेनं एक पाऊल पुढं सरली. मग चिमणीनं पंख झाडावा तेवढ्या आवाजात म्हणाली, "हो... हो गवळणे. मी हाय."

घोडीनं कान मागं केला. पाय उचलू दिला.

बबनराव एकादशीच्या कीर्तनाला टाळ धरणारा माणूस. नामाचा महिमा त्यांनी शंभरदा ऐकला होता. पण नावानं हाक मारली की माणूस परत येतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी गोठ्यात. तिथून पोर घोडीशी बोलायला लागली. आधी खरारा करताना, मग वैरण टाकताना. मग पाठीवर बसून बांधाबांधानं फिरताना तिचं बोलणं सुरूच. झोपेत दचकायची ती थांबली. भाकरी मागून खायला लागली. पाठीवर आखडून बसलेलं घोडीला चालत नाही, अंग सैल सोडावं लागतं, हे शिकता शिकता तिचे स्वतःचेच खांदे खाली आले. दिवाळीनंतर शाळेत गेली, आणि महिन्याभरात बसच्या कंडक्टरशी भांडून आली. त्या रात्री ज्योतीरामनं अख्ख्या आळीला पेढे वाटले. कशाचे पेढे, म्हणून विचारलं तर सांगता येईना त्याला.

हे सगळं घोडीनं दिलेलं. आणि बबनरावाला ते पुरलं नाही. पुरलं असतं तर पुढचं काही सांगायला लागलं नसतं.

आमच्याकडच्या बैलगाड्याच्या शर्यतीला घाट लागतो, म्हणजे चढाची आखीव वाट. चार बैलांचा रिकामा गाडा सुटतो, आणि त्याच्यापुढं स्वाराला घेऊन घोडी पळते. घोडी पुढं तर बैल मागं जीव तोडून धावतात. गवळण आठ वर्षं अशी पुढं पळाली होती. मधी शर्यती बंद होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तिचं वय उतरलं होतं. शिमगा झाल्यावर पारावर गाडामालक जयसिंग म्हणाला, "बबनराव, घोडीला आता रिबीन बांधा. नातीचं खेळणं झालंय तुमचं."

सगळे हसले. बबनरावही हसले. पण चहा न घेताच पारावरनं उठले.

वर्षालीशी भांडण झालं त्याच सकाळी पोर शाळेत गेली, ज्योतीराम पहिल्या शिफ्टला गेला, आणि बबनरावांनी घोडी सोडली.

घाटाच्या पायथ्याला भैरोबाचं देऊळ आणि त्याच्यापुढं दगडाची जुनी डोण. रीत अशी की घाटात पळणाऱ्या सगळ्या घोड्यांनी आधी त्या डोणीतलं पाणी प्यायचं. त्याला देवाचं पाणी म्हणतात. ते प्याल्याशिवाय घोडी पुढं घालत नाहीत. त्या दिवशी सात-आठ घोड्या होत्या. एक परमुलखातनं टेम्पोतनं आणलेली, पांढरी, हाडं वर आलेली. तिचं नाक वाहत होतं, जाड पिवळट. तिनं डोणीत तोंड घातलं आणि गवळणीची पाळी तिच्याच शेजारी आली.

बबनरावांनी बघितलं. हात लगामाला आखडलाही. पण मनात आलं, देवाच्या पाण्यावर हा आजारी, तो चांगला, असं कुठं बघतात? असा इटाळ धरणारा मी कोण? त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि लगाम सैल सोडला.

गवळण पाणी प्याली. मग पळाली, पहिल्यासारखी पळाली. घाट मारलेल्या घोडीला लावतात तसा जयसिंगनं स्वतः तिच्या कपाळाला गुलाल लावला. दुपारी बबनरावांनी ओढ्यावर तो गुलाल खसाखसा धुऊन काढला, आणि पोर शाळेतनं आल्यावर म्हणाले, "रानात फिरवून आणली गं. घामेजलीय जरा."

"बरं केलं," वर्षाली म्हणाली, आणि घोडीच्या मानेला बिलगली.

वैशाखात गवळणीच्या मागल्या पायावर आतून गाठी आल्या. एक फुटली. मग नाकातनं चिकट पाणी यायला लागलं. बरकत नाल बघायला आला होता, तो दहा पावलांवरच थांबला. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बबनभाऊ, पोरीला बाजूला घ्या. सरकारी डॉक्टर बुलाव. आजच."

"सर्दी झाली आसंल."

"माझ्या अब्बानं दाखवली होती ही सर्दी. आजच बुलाव, भाऊ."

डॉक्टर मॅडम आल्या त्या तोंड बांधून, दोन-दोन हातमोजे घालून. रक्त काढलं, बाटली बर्फात घातली. म्हणाल्या, हा रोग माणसालाही लागतो. अहवाल येईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, वैरण-पाणी लांबूनच सरकवायचं. घरातल्यांचंही रक्त तपासायचं. मग विचारलं, "दुसऱ्या घोड्यांत मिसळली होती का कुठं? शर्यतीला, बाजाराला?"

"न्हाई मॅडम," वर्षालीनंच उत्तर दिलं. "आमची गवळण कुठंच जात न्हाई. मीच आसते तिच्यासंगं."

बबनराव शेजारीच उभे होते. मॅडम गाडीत बसायला निघाल्या तेव्हा ते मागनं गेले आणि खाली बघत म्हणाले, "बाई, गेली व्हती. शिमग्यानंतर. देवाच्या डोणीवर. आणखी सात-आठ व्हत्या. लिवून घ्या त्यांची गावं. पर माझ्या नातीला एवढं सांगू नका."

मॅडमनी गावं लिहून घेतली.

माणसांचं रक्त स्वच्छ निघालं. घोडीचं वाईट निघालं. दुसऱ्यांदा पाठवलं, तेही तसंच. ह्या रोगाला औषध देत नाहीत, कायद्यानं घोडं जिवंत ठेवूच देत नाहीत. तारीख ठरेपर्यंत वीस दिवस गेले.

ते वीस दिवस वर्षालीनं दोरीपाशी काढले. मॅडमनी बारा पावलांवर सुतळी बांधून दिली होती. अलीकडं पोर, पलीकडं घोडी. शाळेला सुटी. पोर सकाळी बसायची ती ऊन डोक्यावर येईस्तोवर, आणि पुन्हा उतरल्यावर. घोडी पुढं यायला बघायची, दावं ताणायची. पोर हात मागं बांधून बसायची, चुकून पुढं जाईल म्हणून.

आणि बोलायची. कडब्याच्या गंजीआड बसून बबनराव ऐकायचे. शाळेतलं, मैत्रिणीचं, बसमधलं सगळं ती घोडीला सांगायची. एका दिवशी म्हणाली, "गवळणे, दादाजवळ एकच हेल्मेट व्हतं. मी नगं म्हणले, केस बिघडत्यात. तर त्यानं दमदाटी करून मलाच घातलं. पट्टा लावला. म्हणला, तू मागं हायेस, तूच घाल. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. आईला पण न्हाई."

घोडी फुरफुरली. गंजीआड म्हाताऱ्यानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला.

शेवटच्या दिवशी सकाळीच जेसीबी आला. बांधाच्या कडेला पुरुषभर उंचीहून खोल खड्डा घेतला, चुन्याची पोती उतरवली. विजयश्रीनं लेकीला चिंचवडला मावशीकडं धाडायचं ठरवलं होतं. लेक हलली नाही.

पांढऱ्या कोटात, काचा लावलेली चार माणसं गोठ्याकडं गेली आणि गवळण बिथरली. असली बिनचेहऱ्याची माणसं तिनं कधी बघितली नव्हती. दोन पायांवर उभी राहिली, खुंटा उपटायला आला, एकाला भिंतीवर दाबलं. दुसऱ्यानं दोरीचा फास टाकला, तो तिनं झटक्यात तोडला. घाबरून ती स्वतःलाच लागवून घेत होती. गुडघा फुटला, रक्त यायला लागलं.

"असं नाही होणार," मॅडम मागं येत म्हणाल्या. "हाल होतील तिचे."

सुतळीपाशी वर्षाली उभी होती. चेहरा चुन्यासारखा. बबनरावांना वाटलं, आता पोर पहिल्यासारखी मिटणार. आता कायमची मिटणार. त्यांनी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

"मॅडम," वर्षाली म्हणाली, "मी बोलते तिच्याशी. तुमी माझा आवाज चालू आसंस्तोवर जावा."

मग तिनं हाक दिली. "हो... हो गवळणे. मी हाय. हिकडं बघ. माझ्याकडं बघ. कुणी न्हाई, मीच हाय."

घोडीचे कान वळले. चारी पाय खाली आले. अंगावरची कातडी थरथरत होती, पण मान वर्षालीकडं लागली. पांढरे कोट कडेनं जवळ गेले.

"उभी राहा माझी बाय. आत्ता झालंच. पाय दुखतोय का? न्हाई दुखायचा आता. ओढ्यावर जायाचं आपल्याला, हां? हो... हो..."

पहिली सुई गुंगीची. गवळणीनं शेपूटही हलवली नाही. मान खाली आली, मग गुडघे, मग सारं धूड हळूच आडवं झालं. दुसरी सुई दिली. मॅडमनी वाकून बघितलं, उठल्या, मान हलवली. तरी वर्षाली बोलतच होती. विजयश्रीनं तिला मागून मिठीत घेतलं तेव्हा कुठं थांबली.

दुपारी खड्डा बुजवून माणसं गेली. मातीचा ढिगारा तेवढा उन्हात राहिला. बबनराव त्याच्याजवळ जाऊन बसले. मागनं पोर आली, शेजारी बसली.

"आबा, तिला कुठनं लागलं आसंल ओ? मी तर येवढं जपलं."

तिच्या तोंडावर काळजी होती. स्वतःचंच काही चुकलं का, ह्याची. बबनरावांना ते बघवेना. जन्मभर कीर्तनं ऐकून एक गोष्ट त्यांना कळली होती, की देवापुढं झाकलेलं राहत नाही.

"तुजं काय चुकलं न्हाई. मी न्हेली व्हती घाटात. तू शाळेत गेलीस त्या दिवशी. डोणीवर दुसरी घोडी शेंबडी व्हती. दिसली मला. तरी पाजलं."

वर्षाली त्यांच्याकडं वळली.

"म्हंजी मी मॅडमपुढं खोटी पडले."

"व्हय."

"तुमी हितंच उभं व्हता."

"व्हय."

"गुलाल धुतला का तिचा?"

"ओढ्यावर."

मग पोर उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. काय काय बोलली. तुमाला लोकांची वाहवा पायजे व्हती. मी नगं म्हणले व्हते. दादा गेला तवा माझ्या हातात काई नव्हतं, पर ही तर हातातली व्हती. मला बोलवून परत आणलं तिनं, आन मी तिला सुईपुढं उभी केली, माझ्याच तोंडानं. तुमच्यापायी. आवाज चिरकला, फाटला, पुन्हा लागला. रडत होती आणि बोलत होती. एकही शब्द आत ठेवत नव्हती.

पहिली शिफ्ट सुटली. ज्योतीराम डबा हातात घेऊन बांधावर आला, लेकीचा अवतार बघून चमकला आणि पुढं धावला. "वर्षे, आगं आजोबा हायेत तुजं. आसं बोलत्यात व्हय?"

बबनरावांनी त्याला हातानंच थांबवलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नव्हतं. कीर्तनात बुवांच्या पुढ्यात बसावं तशी मांडी घालून, मान वर करून ते बसले होते.

"मधी बोलू नगंस," ते म्हणाले. "तिचं व्हऊ दे."