कार्डावरचं नाव

दुपारी साडेतीनला शाळेची बस काचीगुड्यातल्या अपार्टमेंटसमोरच्या रस्त्याच्या पलीकडे थांबे. इंदुमतीबाई सव्वातीनलाच खाली उतरून अपार्टमेंटच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसत. बस दिसली की पलीकडे जायचं, नातीचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचं, तिची बोटं मुठीत धरायची आणि रस्ता ओलांडून घरी यायचं. सत्तराव्या वर्षी घरात पूर्णपणे त्यांचं असं हे एकच काम उरलं होतं.

त्या सोमवारी मात्र त्यांना जाग आली ती दोन लहान हातांनी गदागदा हलवल्यावर.

"आजी, ऊठ ना! तू घोरत होतीस!"

समोर मानसी उभी. एकटी! सात वर्षांची पोर ऑटो आणि दुचाक्यांच्या गर्दीतून एकटी रस्ता ओलांडून आली होती.  इंदुमतीबाईंनी तिचं डोकं, हात, गुडघे चाचपले. मग तिला इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आजी, दुखतंय."

संध्याकाळी मुलगा, विकास, घरी आला आणि त्याला सगळं कळलं. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं.

"आई, हा महिना बघतो. पुन्हा असं झालं तर मानसीला आणायला ज्योती जाईल."

ज्योती घरी स्वयंपाकाला येई. इंदुमतीबाईंनी मान हलवली. वर्तमानपत्रामागून त्यांचे यजमान लक्ष्मणराव म्हणाले, "अरे, तुझी आई काय! परवा मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमात हिनं असा सूर लावला, की गाणाऱ्या बाईंनी तंबोरा थांबवून कोण ते पाहिलं."

सगळे हसले. इंदुमतीबाईही हसल्या. ही थट्टा त्या वर्षानुवर्षं ऐकत आणि हसत आल्या होत्या.

पण एक गंमत बघा. थट्टा करणारे लक्ष्मणराव स्वतः नऊ वर्षं नाकाला मास्क लावून झोपत होते! ते घोरायला लागले तेव्हा कोणी हसलं नव्हतं. 'बाबांना काहीतरी होतंय' म्हणून विकासनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. झोपेत श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो, त्यामुळे दिवसा डोळे मिटतात, हृदयावर ताण येतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, असं डॉक्टरांनी समजावलं. नळीतून हवेचा दाब देणारं मशीन उशाशी आलं. लक्ष्मणरावांचं घोरणं हा आजार ठरला आणि इंदुमतीबाईंचं घोरणं हा विनोदच राहिला.

त्याच आठवड्यात लक्ष्मणरावांच्या मशीनच्या पडद्यावर 'मोटरचं आयुष्य संपलं' अशी सूचना येऊ लागली. विकासनं लगेच नवं मशीन मागवलं. लक्ष्मणरावांनी चष्मा सावरून, कात्रीनं पट्टी कापून खोकं उघडलं. जुनं मशीन टेबलाच्या कडेला सरकलं.

"याचं आता काय करायचं?" विकासनं विचारलं.

"मला द्या की," इंदुमतीबाई म्हणाल्या. "चालतंय अजून. घोरते तर मीही."

"अरे वा! हे बरं सुचलं," लक्ष्मणराव म्हणाले. "इंदू कुठलीच वस्तू वाया जाऊ देत नाही."

आणि ते खरंच होतं. सुलतान बाजारातल्या माहेरी त्यांची पाटी थोरल्या भावाची होती, एका कोपऱ्यात तडा गेलेली. शाळेचा झगा बहिणीचा, दोनदा उसवून शिवलेला. लग्न झाल्यावर मनगटी घड्याळ मिळालं तेही नवऱ्याचंच. नवऱ्यानं नवं घेतलं तेव्हा इंदुमतीबाईंनी आबिड्सच्या दुकानात जुन्याचा पट्टा कापून लहान करून घेतला होता. फोन विकासचा, काचेला चरा पडलेला. घरात वस्तू नवी आली की जुनी आपोआप त्यांच्या हातात येई. त्यांनीही कधी हात मागे घेतला नव्हता. उलट त्यात त्यांना आपलं शहाणपण वाटे.

आता तर त्यांना मनातून आनंद झाला होता. या मशीननं दिवसा जाग राहील, मानसीला आणायचं काम हातचं जाणार नाही!

पण लक्ष्मणरावांच्या रुंद चेहऱ्याचा मास्क त्यांच्या लहानशा तोंडावर बसेना. पट्टे शेवटच्या खाचेपर्यंत ओढले तरी कडेनं वारा सुटे आणि थेट डोळ्यांत जाई. सकाळी डोळे लाल, डोकं जड. तक्रार कोणाकडे करणार? आपणच तर मागून घेतलं होतं.

दिवसा त्या बसेनाशाच झाल्या. बसलं की डोळा लागतो, मग बसायचंच नाही! उभ्यानं चहा, उभ्यानं वर्तमानपत्र. तोंडात सतत लवंग. दुपारी फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत जायचं, परत यायचं. वॉचमन म्हणे, "अम्मा, बैठो ना जरा." त्या म्हणत, "नको रे बाबा." एकदा खांबाला टेकल्या आणि टेकल्या टेकल्याच मान पडली. दचकून पाहिलं तर बस अजून यायची होती. मग त्यांनी दंडाला चिमटे काढायला सुरुवात केली. महिना संपायला दहा दिवस उरले होते.

अशातच लक्ष्मणरावांना नवं मशीन दाखवायला कोठीतल्या दवाखान्यात जायचं होतं. "तूही चल. जुन्याचा फिल्टर बदलून आणू," ते म्हणाले.

दवाखान्यात मशीनचं काम फरहाना बघे. चाळिशीची, बोलायला खमकी बाई. प्रत्येक मशीनमध्ये एक लहानसं कार्ड असतं आणि त्यावर रोजच्या झोपेची नोंद होते. तिनं नव्या मशीनचं कार्ड संगणकात घातलं.

"माशाल्ला, साहब! एकदम बढिया." मग सहज म्हणून तिनं जुन्याचंही कार्ड घातलं. तिच्या कपाळावर आठी आली. "साहब, ये पुराना मशीन कौन चला रै?"

"का? काय झालं?"

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. वर लक्ष्मणरावांचं नाव. खाली नऊ वर्षांची शांत, ठेंगणी रेघ. आणि मागच्या दोन आठवड्यांत उंचच उंच काटे.

"ये आपकी सांस नै है, साहब. किसी और की है. मशीन लगाके भी एक घंटे में छब्बीस बार रुक रई. नै लगाए तो कित्ती बार रुकती होगी, अल्ला जाने!"

 इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या, "माझी आहे ती."

"आपकी तपासणी कब हुई, अम्मा?"

"माझी? माझी कशाला? मी आपली नुसती घोरते."

"साहब भी नुसताच घोरते थे!" फरहाना म्हणाली. इतकी वर्षं मराठी माणसांना मशीन देता देता तिला मराठीही येऊ लागलं होतं.

लक्ष्मणराव जरा चिडले. "अहो, चालू मशीन आहे. फेकून द्यायचं का?"

"साहब, आपका चष्मा अम्माकू देते क्या?"

"फ्रेम दिली होती एकदा," इंदुमतीबाई पटकन म्हणाल्या.

"हौ, फ्रेम! कांच तो बदलाये ना? अम्मा की आंख का नंबर निकालेच ना? फिर सांस का नंबर कैकू नै निकाले? ये हवा साहब के गले के हिसाब की है, ये मास्क साहब के मुंह के नाप का है. और मोटर खुद बोल रई मैं बुड्ढी हो गई. जो मशीन साहब के वास्ते पुरानी हो गई, वो अम्मा के वास्ते नई कैसी हो गई? बोलो!"

 लक्ष्मणरावांची नजर बायकोच्या मनगटाकडे गेली. तिथं त्यांचंच घड्याळ होतं, कापून लहान केलेल्या पट्ट्याचं. त्याच्या वर, दंडावर, निळेकाळे डाग.

"हे काय गं, इंदू?"

"चिमटे काढते. जाग राहावी म्हणून." आणि मग त्यांना राहवलं नाही. "अहो, मला मानसीला आणायचंय! माझ्या हातातून तेवढं काढून घेऊ नका. त्या दिवशी पोर गाडीखाली आली असती तर? मी हसत होते तुमच्याबरोबर, पण मला हसू येत नव्हतं हो!"

 लक्ष्मणरावांनी खुर्ची जवळ ओढली.

"अठ्ठेचाळीस वर्षं मी तुझी झोप ऐकली आणि लोकांना हसवलं," ते म्हणाले. "एकदाही मनात आलं नाही, की ही गुदमरतेय!" मग ते फरहानाकडे वळले. "हिचा अर्ज भरा. हिच्या नावानं. आजच."

तपासणी झाली. आजार चांगलाच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी इंदुमतीबाईंच्या श्वासाप्रमाणे दाब ठरवला आणि फरहानानं चार मास्क लावून पाहून पाचवा पसंत केला. मानसीला आणायचं काम निदान पंधरा दिवस ज्योतीकडे देऊ, असं इंदुमतीबाई आपण होऊनच म्हणाल्या. "मला खात्री वाटेल तेव्हा मीच सांगेन," त्यांनी विकासला बजावलं.

खोकं घरी आलं तेव्हा लक्ष्मणरावांनी कात्री त्यांच्या हातात दिली. "तू उघड." त्यांनी पट्टी कापली. नव्या वस्तूचा तो कोरा वास त्यांनी डोळे मिटून घेतला. मानसीनं वळणदार अक्षरांत चिठ्ठी लिहून कार्डाच्या डबीवर चिकटवली: इंदुमती.

जुनं मशीन कपाटावर होतं. एके दिवशी ज्योतीनं ते पाहिलं. "अम्मा, ये बेकार पड़ा है क्या? मेरी सास बहुत घोरती. उनकू दे देव."

"घेऊन जा" हे शब्द इंदुमतीबाईंच्या ओठांवर आलेच होते. सत्तर वर्षांची सवय! पण त्या थांबल्या.

"नाही ज्योती. हे कोणालाच द्यायचं नाही, हे मोडीत जाईल. बुधवारी तुझ्या सासूबाईंना घेऊन ये. सरकारी दवाखान्यात आधी तपासणी करू. मी येते बरोबर."



मंडळी, घरात नवी वस्तू आली की जुनी कुठे जाते, ते एकदा पाहा. ती नेहमी एकाच माणसाकडे जात असेल, तर त्या माणसाची दुखणीही तुम्ही अशीच कडेला सरकवली असतील. कपड्यांत, भांड्यांत काटकसर जरूर करा. पण श्वास ज्याचा त्याचा असतो. तो दुसऱ्याच्या मापानं घेता येत नाही. आणि घरातली बाई घोरते म्हणून हसू आलं, तर हसण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या!

नव्या मशीनला तीन आठवडे झाल्यावर इंदुमतीबाई पुन्हा सव्वातीनला खाली उतरल्या. वॉचमन सवयीनं म्हणाला, "अम्मा, बैठो ना."

त्या बाकावर बसल्या. पाठ टेकून, निवांत. लवंग नाही, चिमटा नाही. बस वळणावर दिसली तेव्हा त्या उठून रस्ता ओलांडून पलीकडे उभ्याही राहिल्या होत्या.

"आजी, आज झोपली नाहीस?" पायरीवरूनच मानसीनं विचारलं.

"झोपले की! रात्रभर झोपले," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिची बोटं मुठीत धरली.