टिपणीस उभे राहिले

"ही पिशवी पुरेल ना हो? शाल, नारळ, शिवाय ते मानचिन्ह." सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या कुंदाताईंनी रिकामी पिशवी मांडीवर उलगडून दाखवली.

"घडी घाल गं. लोक बघतायत," टिपणीस पुटपुटले. पण आतून त्यांनाही गुदगुल्या होत होत्याच.

दिनानाथ टिपणीस म्हणजे अंबरनाथच्या एका औषध कारखान्यातले संशोधन विभागाचे साहेब. अर्धं आयुष्य आमांशावरचं औषध शोधण्यात गेलेलं. औषधरसायनातल्या या मोठ्या पुरस्कारासाठी कारखाना दर वर्षी त्यांचं नाव पाठवायचा आणि पसंत न पडलेल्या स्थळासारखं ते दर वर्षी परत यायचं. गेल्या आठवड्यात मात्र शेजारच्या लालचंद मेडिकलवाल्याच्या दुकानात मुंबईहून फोन आला. समारंभाला सपत्नीक या, तुमची जागा पहिल्या रांगेत आहे. बस, एवढंच.

मागच्या वर्षीचा मानकरीही असाच सपत्नीक पहिल्या रांगेत बसलेला टिपणिसांनी पाहिला होता. बक्षीस मलाच ना, असं स्वतःच्या तोंडाने कसं विचारायचं? एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना प्रयोगशाळेत ते फाडून खायचे. इथे स्वतःच काढून मोकळे झाले.

"अरे साब, पहिली रांग म्हणजे इनाम पक्का!" लालचंद गल्ल्यावरून ओरडला होता. "पेढे माझ्याकडून. ना मत बोलो!"

संध्याकाळपर्यंत पेढे सगळ्या सोसायटीत पोचले. आज तर फाटकावर अभिनंदनाचा फलक लावून मंडळी हार घेऊन थांबणार होती.

सभागृहातले दिवे मंद झाले. निवेदक वाचू लागला, "यंदाचा पुरस्कार आमांशावरच्या नव्या औषधासाठी. या कामाची सुरुवात अंबरनाथच्या एका छोट्या प्रयोगशाळेत झाली..."

टिपणीस उभे राहिले. कोटाचं बटण लावून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"...डॉक्टर उमा म्हात्रे!"

उमा म्हात्रे. बारवी धरणाकडच्या खेड्यातून त्यांच्या हाताखाली आलेली मुलगी. तिचं संयुग त्यांनीच बाजूला टाकलं होतं. "यातून काही निघायचं नाही, नाद सोड," असं तोंडावर सांगून. ती नोकरी सोडून पुण्याला गेली आणि तेच काम तिने तडीला नेलं.

"अहो, बसा ना!" कुंदाताईंनी मागून कोट ओढला. पण आता बसायचं तरी कसं? टिपणिसांचे हात आपोआप जुळले आणि ते टाळ्या वाजवू लागले. मागे एक खुर्ची करकरली, मग दुसरी. बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं.

उमा मंचावर जाऊन माइकसमोर उभी राहिली. "सर, सगळ्यांत आधी तुम्ही उठलात. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवा, एवढा एकच हट्ट मी धरला होता."

लोक माना वळवून टिपणिसांकडे बघू लागले. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी त्यांचा हात दाबला. "विद्यार्थिनीसाठी असं उठणारा गुरू आता कुठे मिळतो हो!"

लोक हसले असते तरी चाललं असतं. या कौतुकापेक्षा धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं.

चहाच्या वेळी कुंदाताई हळूच म्हणाल्या, "घरी सांगू, आपल्याच पोरीला मिळालं म्हणून. तुम्ही किती मोठ्या मनाने उठलात, तेही सांगू. कोणाला कळतंय?"

"नको," टिपणीस म्हणाले. "पुरे झालं."

तेवढ्यात उमा गर्दीतून वाट काढत आली. तिच्या खांद्यावरची शाल घसरत होती.

"उमा, मी तुझ्यासाठी उठलो नव्हतो," ते एका दमात बोलून गेले. "मला वाटलं, माझंच नाव घेतायत. सोसायटीत पेढेसुद्धा वाटून झालेत."

"काय सर! तुमची थट्टा अजून तशीच!" ती मनापासून हसली.

मग तिचं लक्ष कुंदाताईंकडे गेलं. त्या पदराच्या टोकाने डोळे टिपत होत्या. उमाचं हसू ओसरलं. तिने टिपणिसांकडे पाहिलं आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

टिपणीस मागे सरायला गेले, पण मागे खुर्ची होती.