टरबुजाची साखर उतरली

दामिनीचं पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर अनुत्तरित पडून होतं. फोनवर मी इतका कमी बोलतो की पलीकडच्याला लाइन तुटल्यासारखं वाटतं. म्हणून माझी ही भाची अंजनगाव सुर्जीहून पत्रच टाकते. "मामा, आईनं साखरेच्या गोळ्या बंद केल्या. बडनेऱ्याजवळच्या बागेतल्या पडद्यानं रोग नेला म्हणते. आखाजीचा सण झाला की आमच्या गल्लीतून आणखी एक गाडी भरून निघणार आहे. तो पडदा हे कसं करतो, ते लिहून पाठवा. मी सगळ्यांना वाचून दाखवीन."

उत्तराला मी अनेकदा बसलो. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं कसं? आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं दिली-घेतली, एवढीच माझी विद्वत्ता. आपलंच चुकत असलं तर?

मग एका रणरणत्या दुपारी पार्वताबाई, म्हणजे दामिनीची आई, माझी धाकटी बहीण, नारळ घेऊन दारात उभी.

"चाल दादा. दुसऱ्या दर्शनाले आली मी."

"पारू, गोळ्या..."

"रोगच नाई, तं गोया कायले? तुह्या पुस्तकात बाबाचं नाव नसन, म्हणून बाबा खोटा का?"

बाग खेळांची. पाण्यातून उसळत जाणारी तुफान नाव हा तिथला आवडता खेळ. तिच्या रांगेत लोकांचा वेळ जावा म्हणून बागवाल्यांनी एक मोठा पडदा बसवला होता. समोर उभं राहिलं की त्यात आपली रंगीबेरंगी आकृती दिसे. आता त्या पडद्यावर हार चढले होते, कडेला रोगांच्या नावांची बटणं आली होती, खाली नारळांचा ढीग होता आणि शेजारी माइक धरून पुंजाराम महाराज उभे होते. नावा रिकाम्याच जात होत्या.

"हा पडदा नाई माउली, प्रभूचा डोळा हाय! बोटानं आपला रोग दाबा. साखर दाबा, बीपी दाबा, गुडघे दाबा. लाल दिसला तो भोग, हिरवा दिसला तो मोक्ष! डॉक्टर तुमचं रक्त काढते, आमी फक्त किरण सोडतो. क्वांटम किरण!"

"जय!" रांग गरजली.

रांग लोखंडी कठड्यांतून नागमोडी फिरत होती आणि एकाच पडद्यासमोरून दोनदा जात होती. पहिल्या खेपेला पारूचे तळवे लालभडक दिसले. बाया हळहळल्या. पुढच्या वळणावर नळ होता. तिथं जो तो हातपाय धुऊन, तोंडावर पाणी मारून पुढे सरकत होता. कुणी सांगितलं नव्हतं. पण नारळ दिसला की आपले हात आपोआप नळाकडे वळतात. दुसऱ्या खेपेला पारूचे तळवे हिरवेगार, आणि पडद्यातून गोड आवाज आला : "साखर उतरली! रोग गेला!"

"पाह्यलं?" पारू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काकाजी, सरका ना जरा!" मागून एक मुलगी वैतागली. बडनेऱ्याची गुलफाम, कॉलेजात शिकणारी. तुफान नावेवर तिचा इतका जीव की वर्षभराचा पास काढलेला. "मले नावेत बसाचं हाय, टीव्हीचं दर्शन नाई घ्याचं. पहिले रांग कशी झपाझप जाये! हा डब्बा लावला अन् सत्यानास झाला. मधातच अटकते, का सगळे उभे. अन् खेळ तरी काय होता याचा? जो जास्त लाल होईन, तो जिंकला! आमी हात घासू घासू लाल करत होतो. आता त्याच लालले हे लोक बीमारी म्हणून राहिले!"

"घासून?"

"मंग? हात गरम केला का लाल. पाणी लागलं का आउट."

मी तिथंच थांबलो. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल कधीतरी वाचलं होतं. तोच हा असेल? खात्री नव्हती. पण खात्री नसली तर तपासून पाहावं, एवढं तरी पुस्तकांनी मला शिकवलंच होतं.

फाटकाबाहेर टरबूजवाला बर्फाच्या लादीवर टरबुजं मांडून बसला होता. मी एक गारेगार टरबूज घेतलं, शेजारून कागदी कपात कडक चहा घेतला. तोवर पडदा मध्येच अडकला होता; पारू नि गुलफामनं त्याच्यासमोरच्या रांगेत माझी जागा धरली होती. पडदा सुरू झाला तसा मी समोर आलो. कप पारूच्या हाती दिला, बोटानं 'साखर' दाबलं आणि टरबूज छातीशी धरलं.

पडद्यावर टरबूज हिरवं, हिरव्याहून निळं. "साखर उतरली! रोग गेला!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गुलफामनं टरबूज कठड्यावर आपटून फोडलं. "घ्या मावशी, चाखा. उतरली का साखर?"

"नास्तिक म्हातारा!" महाराज माइकमध्ये ओरडले. "प्रभूचा अपमान!"

"अपमान नाही," माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तपासणी आहे. प्रभूला तपासणीची भीती कशाला?"

"मशीन तापली! आज दर्शन बंद!"

"थांब रे," पारू पुढे झाली. गरम कप तिनं दोन्ही तळव्यांत घट्ट धरला होता. तो माझ्याकडे देऊन तिनं तळवे पडद्याला दाखवले. लालभडक. "साखर वाढली!" पडदा गोड आवाजात म्हणाला.

"आत्ता तं गेली म्हणे. चहा पेला नाई, नुसता धरला. तेवढ्यात वापस आली?" पारूनं महाराजांकडे पाहिलं. "काहून रे? बोल ना. मी गोया सोडल्या तुह्या भरोशावर!"

महाराजांनी माइक बंद केला. काहींनी तरीही नारळ ठेवलाच. बाकीची रांग मात्र पडदा सोडून पुढे सरकली आणि गुलफाम ओरडत नावेकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पारूचं रक्त तपासलं. साखर चांगलीच वाढलेली होती. तिनं तोंड वाकडं करत गोळी गिळली. मी टेबलाशी बसलो.

"दामिनी, पडद्याला रोग दिसत नाही, कातडीची गरमी दिसते. उन्हातले हात लाल, नळावर धुतलेले हिरवे. रक्तातली साखर रक्त तपासूनच कळते. माझ्यावर विश्वास ठेवा, असं गाडीतल्या कुणाला सांगू नकोस. एवढंच सांग : हात न धुता दोनदा पडद्यासमोरून जा, काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि तोवर एकीनंही गोळी सोडू नये."

पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर खोडत बसलो असतो. तसंच पाकिटात घातलं, उन्हात चालत पोस्टापर्यंत गेलो आणि पेटीत टाकलं.