उंदरानं खाल्लेलं चित्र

रुपराव रेवतकरांनी आयुष्यात एकच खोटं नेटानं निभावलं होतं, आणि तेही एका उंदराच्या जिवावर.

गोष्ट पंचेचाळीस वर्षांमागची. सुमंत बनाईत नावाचा एक चित्रकार नरखेडकडच्या त्यांच्या गावात येऊन धडकला होता. गावोगाव हिंडायचं, राबणाऱ्या माणसांची चित्रं काढायची आणि ज्याचं चित्र त्याच्याच हाती सोपवून पुढच्या गावाला निघायचं, असा त्याचा नेम. त्या वर्षी संत्री तोडायला आलेल्या बाया पलीकडच्या वस्तीतल्या, म्हणून बागेतल्या विहिरीवर त्यांना जायची मनाई होती. मनाई करणारे रुपरावांचे वडील. रुपरावांशी लग्न होऊन तीन महिने झालेल्या जिजाबाई भर दुपारी त्या विहिरीवर गेल्या, स्वतःच्या हातानं पाणी ओढलं आणि एकेकीच्या ओंजळीत ओतलं. बनाईतांनी बांधावर बसून ते चित्र काढलं आणि जिजाबाईंच्या हाती दिलं.

संध्याकाळी घरात जे रामायण झालं ते झालंच. त्यात चित्र सासऱ्यांच्या हाती लागलं असतं तर सूनबाईंची पेटी उचलून माहेरीच पाठवली असती. पंचवीस वर्षांच्या रुपरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी ट्रंकेतलं चित्र गुपचूप काढलं, संत्र्याच्या एका पेटीच्या तळाशी घातलं, वर गवत, वर संत्री, वर खिळे. पेटी नागपूरच्या बाजारात रवाना. बायकोला सांगितलं, उंदरानं खाल्लं.

वडील जाऊन तीस वर्षं झाली. उंदीर मात्र जिवंत होता. जिजाबाईंनी नातवंडांपुढे विहिरीची गोष्ट काढली, की रुपराव चहा ढवळत म्हणायचे, "चित्र मोठं चवदार असंल वं. उंदरानं कोपरा बी नाई सोडला." सगळं घर हसायचं. आधी लपवण्यासाठी केलेला विनोद पुढे सवयीचा झाला. आजीचं चित्र म्हणजे घरातली एक थाप, हे आता शेंडेफळ नातसुद्धा जाणून होती.  जिजाबाई हातातलं काम जरा जोरात आपटायच्या, एवढंच.

आणि मग नागपूरजवळच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहून गोदामात नोकरी करणाऱ्या नातू साहिलनं पेपरातलं कात्रण मोबाईलवर पाठवलं: नागपूरच्या जरीपटक्यात बनाईतांच्या राहत्या घरात त्यांच्या चित्रांचं संग्रहालय सुरू झालंय. खाली लिहिलं होतं, "आजी, तुझा उंदीर सापडतो का बघ."

"उद्याची एसटी पकडू," जिजाबाई म्हणाल्या.

रुपरावांचा गुडघा लगेच दुखू लागला. मग विहिरीवरची मोटर बिघडली. मग कोणाचीतरी तेरवी आठवली. जिजाबाईंनी ठेवणीतलं पातळ काढलं, पिशवीत डझनभर संत्री भरली आणि म्हणाल्या, "तुमी नाई आले तरी म्या चालली. तिथं माहं चित्र नसंल, तर जलमभर पुन्हा नाव नाई काढणार. पण असंल, तर त्याच्याखाली माहं नाव पायजे." रुपरावांनी निमूटपणे चपला घातल्या.

जरीपटक्याच्या भर बाजारात, चादरींच्या दुकानावरच्या जिन्यानं चढून गेलं की तीन खोल्या, म्हणजेच संग्रहालय. चित्रकाराची नात हर्षा तिथं सगळंच होती: तिकीट देणारी, माहिती सांगणारी, पंखा लावणारी. आजी-आबाजींना बघून तिला फार आनंद झाला. त्या दिवशी त्यांच्याशिवाय कॉलेजच्या दोनच मुली आल्या होत्या.

"या चपलेनं आजोबा साडेतीनशे गावं फिरले," काचेकडे बोट दाखवून हर्षा म्हणाली.

जिजाबाईंनी वाकून बघितलं. "लय धड राहिली वं चप्पल. आमच्या याहिची तर बाजारातून येईस्तोवर तुटते."

कुंचले, चष्मा, मोर्चाचे फलक, आणि ज्यांची त्यांनी परत आणून दिलेली चित्रं: सूतगिरणीतल्या बाया, गोदामातले हमाल. रुपराव प्रत्येक चित्रापुढे एवढा वेळ थांबत होते, की कॉलेजच्या मुलींना ते मोठे जाणकार वाटले असतील. खरं म्हणजे त्यांना तिसरी खोली नको होती. चित्र कुठल्यातरी बाजारात गवतासोबत सडून गेलं असेल, अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि आज पहिल्यांदाच ते तसं नसावं की असावं, हे त्यांचं त्यांना कळेना.

तिसऱ्या खोलीत समोरच्याच भिंतीवर जिजाबाई होत्या. चोवीस वर्षांच्या, पदर खोचलेल्या, पाण्याची बादली तिरपी धरून उभ्या. समोर नुसत्या ओंजळी.

जिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "बांगडी फुटली होती त्या दिवशी. ते बी काढलं माणसानं."

 चित्राखालची पाटी रुपरावांनी ओठ हलवत वाचली. 'अज्ञात स्त्री. घरच्यांच्या जाचाला न जुमानता या स्त्रीनं आपलं चित्र संत्र्याच्या पेटीत लपवून नागपूरला पाठवलं. एका अडत्यानं मागची सही पाहून ते चित्रकाराकडे पोचतं केलं. कोपऱ्यातला केशरी गोल म्हणजे समतेचा उगवता सूर्य.'

सूर्य रुपरावांनी लगेच ओळखला. त्या दिवशी घाईत गवत कमी पडलं होतं आणि तळातलं एक संत्रं दबलं होतं.

"हे म्याच आहे," जिजाबाई म्हणाल्या.

हर्षा हसली, पण आदरानं. "आजी, रागावू नका. असं म्हणणाऱ्या तुम्ही सातव्या. चित्र पेटीत सापडलं, नाव तर कुठंच नाही. म्हणून मी प्रत्येकीला एकच विचारते. ती पेटी आजोबांनी जपून ठेवली आहे. तिच्यावर बागेची खूण आहे, ती आम्ही कोणाला दाखवलेली नाही. सांगता का कोणती?"

"कोणती पेटी?" जिजाबाई गोंधळल्या. "म्या कायले पाठवू? माहं चित्र तर घरीच उंदरानं खाल्लं होतं."

हर्षानं ओठ दाबले. त्या दोन मुलींना मात्र हसू आवरलं नाही, एकीनं तर दुसरीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

ते हसणं रुपरावांच्या ओळखीचं होतं. हे त्यांनीच घरात पेरलं होतं, पंचेचाळीस वर्षं चहासोबत वाढलं होतं. आपल्या घरात ते कधी एवढं वाईट ऐकू आलं नव्हतं. जिजाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभ्या होत्या आणि आता हातात आपटायला कामही नव्हतं.

चूप राहणं फार सोपं होतं. पाटीवर तर बायकोचं कौतुकच लिहिलेलं होतं! चार वाजताची गाडी, घरी जेवण, आणि उंदराला आणखी वीस वर्षांचं आयुष्य.

"उलटा बैल," रुपराव म्हणाले.

हर्षाचं हसू थांबलं. "काय म्हणालात, आबाजी?"

"पेटीवर बैलाची खूण आहे. निया रंगाची. पाय वर, पाठ खाली. घाईत साचा उलटा धरला म्या." त्यांनी घसा खाकरला. "चित्र म्याच टाकलं पेटीत. इनं नाई."

हर्षा आत धावली आणि त्या पेटीची कापडात गुंडाळलेली एक फळी घेऊन आली. फळीवर निळा बैल चारी पाय आभाळाकडे करून पडलेला होता.



"म्हंजे उंदीर नोता?" जिजाबाईंनी विचारलं.

"नोता."

"म्या दोन पिंजरे आणले."

"हो."

"मांजर पाळली. तिच्या तीन पिढ्या दुधावर पोसल्या, तुमाले च्याले दूध कमी पडलं तरी!"

"हो वं."

"काहून केलं असं?"

रुपरावांनी चित्राकडे बघितलं, कारण बायकोकडे बघवेना. "बाबाच्या भेवानं. तू एकटी नाई भेली त्या दिवशी, अन् म्या विहिरीमागं लपून पाहून राहिलो होतो. ते चित्र दिसलं का मले तेच दिसे. मंग उंदराचं बोललो, अन् लोकं हासले, तं बरं वाटलं."

 जिजाबाई पुढे झाल्या आणि काचेवरूनच फुटक्या बांगडीवर बोट ठेवलं. हर्षानं डोळे पुसले आणि कोरं कार्ड काढलं. जिजाबाईंनी नाव सावकाश सांगितलं, गावासकट, आणि ते लिहून पेन उचलेपर्यंत हर्षाच्या हाताकडे बघत राहिल्या.

"आजी, मग हा सूर्य काढून टाकू का पाटीवरून?" हर्षानं पडल्या आवाजात विचारलं.

"राहू दे वं बाई. एवढ्या मेहनतीनं उगवला तुहा." त्यांनी पिशवीतलं एक संत्रं तिच्या हातात ठेवलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "फोन काढा. साहिलले लावा. अन् आवाज मोठा ठेवा."

रुपरावांनी फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर दाबला गेला.

"सापडलं का चित्र, आबाजी?" पलीकडून साहिलचा आवाज आला. मागे गोदामातली पोरंही ऐकत असावीत, खिदळणं कानावर येत होतं. "का तो उंदीरच भेटला?"

जिजाबाई समोर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"दोन्ही भेटले गा," रुपराव म्हणाले. "चित्र तुह्या आजीचंच आहे, भिंतीवर लावलं आहे, खाली नाव लिवलं आहे. अन् उंदीर म्याच होतो."