काविळीचा रविवार

"अज्जा, नाही म्हणू नका. पार इलेक्ट्रॉनिक सिटीहून आलोय," म्हणत किरणकुमार आत येऊन बसलासुद्धा. अजून उजाडलं नव्हतं. त्याच्यामागून रूपश्री, त्याची बायको, भिंतीला धरत आली. पाचवा महिना होता आणि डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे.

गुंडूराव दाराची कडी धरून उभेच राहिले. समोर बायकोच्या, तुंगाबाईंच्या फोटोला हार होता. किरणकुमारनं तो बघितला आणि हात जोडले.

"कधी हो अज्जा?"

"गेल्या श्रावणात."

"अरेरे. शाळेत असताना माझी कावीळ अज्जींनीच उतरवलेली." त्यानं रूपश्रीकडे बोट केलं. "आता तुम्हीच द्या."

"मला नाही माहीत."

किरणकुमार बायकोकडे वळून हसला. "बघितलंस? अज्जीपण अस्संच म्हणायच्या."

खरंच म्हणायच्या. काविळीचं औषध द्यायचं तसंच असतं. रविवारी, सूर्य वर यायच्या आत, उपाशीपोटी. झाडाचं नाव घेतलं की त्याचा गुण जातो, म्हणून कुणी विचारलंच तर देणाऱ्यानं 'मला काय माहीत' म्हणायचं. तुंगाबाई अंधारात कुठून तरी पाला घेऊन यायच्या, पाट्यावर वाटायच्या, आणि गुंडूराव तोवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घरच्या माणसानंही बघायचं नसतं. उभ्या संसारात त्यांनी एकदाही बघितलं नाही.

बाकीचं त्यांना ठाऊक होतं. खोकल्याला अडुळसा, भाजलं तर कोरफड, पोट दुखलं तर ओव्याचं पान. शेजारची धनलक्ष्मी तर विचारतही नसे, गॅलरीत हात घालून पानं तोडून नेई. काविळीसाठी मात्र तुंगाबाई गेल्यावर गुंडूरावांनी पुस्तकं काढली, तर एक म्हणे भुईआवळा, दुसरं म्हणे एरंड, तिसरं पुनर्नवा. मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघावं तर सगळंच हिरवं. चष्मा पुसून बघितलं तरी हिरवंच.

"देवाशपथ सांगतो, मला खरंच माहीत नाही."

"सरी सरी, बरं, सांगू नका की. नुसतं द्या. आम्ही तोंड फिरवतो, हं?"

आणि दोघंही भिंतीकडे तोंड करून बसली. गुंडूराव त्या दोन पाठींकडे बघत राहिले. आता काय करावं? जितकं खरं बोलावं तितका यांचा विश्वास वाढतोय.

"दवाखान्यात जा, बाळ," ते म्हणाले.

"जाणार की, अज्जा," रूपश्री भिंतीशीच बोलली. "हे तीन रविवार झाले की जाणार. त्याच्यावर दुसरं घेतलं तर लागू पडत नाही म्हणतात."

तीन रविवार! गुंडूराव बोटांवर दिवस मोजू लागले. कोथिंबीर वाटून द्यावी? ती घेऊन ही पोर समाधानानं घरी जाऊन पडून राहील. काहीच दिलं नाही तर इथून हलणार नाही. आणि पोटातल्या जिवाचं काय?

"पोटुशीला देत नाहीत."

हे आपणच बोललो, हे त्यांना नंतर कळलं. दोघांनी एकदम माना वळवल्या.

"दोन जीव असताना द्यायचं नसतं," गुंडूराव घाईघाईनं म्हणाले. "आधी दवाखाना. आजच्या आज."

"मग आधी सांगायचं की वो अज्जा!" रूपश्री चपला शोधायलाही लागली. "नियम म्हणजे नियम."

वाटेत यांना दुसरा कुणी देणारा भेटला तर? गुंडूरावांनी बंडीवर शर्ट चढवला आणि तेही रिक्षात बसले. रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच घोळ. आपण खोटं बोललो का? की असा नियम होताच? एका रविवारी बाहेरच्या खोलीत कुणी बाई रडत होती, मग दार वाजलं होतं. तुंगाबाईंनी तिला पोटुशी म्हणून परत पाठवलं होतं की औषध फार कडू होतं? त्यांना फक्त भिंत आठवत होती.

दवाखान्यात रूपश्रीला लगेच ठेवून घेतलं. हाताला सलाईन लागलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "गावठी पाला वगैरे काही दिलाय का?"

"नाही मॅडम," किरणकुमार ऐटीत म्हणाला. "हे अज्जा गरोदर बाईला देतच नाहीत. तसा नियम आहे यांचा."

लिहिता लिहिता बाईंनी वर बघितलं. "इथं येणारे बहुतेक आधी कुठून तरी पिऊन येतात, सर. दोन जिवांना जपायचं असतं, म्हणून विचारते. चांगला नियम आहे. कुणी घालून दिला?"

मीच, आत्ता सकाळी, असं गुंडूरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण खाटेवरून रूपश्री त्यांच्याकडे बघत होती. हे ऐकलं तर ती सुई काढून उठून बसेल.

"आमच्या मंडळींनी," ते म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

गुंडूराव गोंधळले. घरात 'अगं', बाहेर 'आमच्या घरी', यापलीकडे त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"तुंगाबाई," ते पुटपुटले.

बाईंनी कान पुढे केला.

गुंडूरावांनी खाकरून घसा साफ केला आणि पलीकडच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बायकोचं नाव पुन्हा घेतलं.