दादा ऑफ आहे

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवर ती अकरा वर्षं उभी होती. मशीन सुरू असलं की शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही. म्हणून दादाच्या शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा तिने दुसऱ्या कानात बोट घातलं.

"ताई, तुमचे दादा ऑफ झाले."

"बरं झालं. महिनाभर बस चालवतोय, एक सुट्टी नाही. जरा पाठ टेकू दे."

शेजारी घुटमळला. "तसं ऑफ नाही हो, ताई. रोज बरोबर निघतो आम्ही. आज हाक मारायला गेलो तर..." पुढचं त्याने गिळलं.

"असं होय," म्हणून तिने फोन ठेवला.

मशीनच्या तोंडात अर्धी चादर होती. ती तिने पुरी केली, घडी घालून चवडीवर ठेवली. मग आणखी तीन केल्या. एकीचीही कड वाकडी गेली नाही. आता रडू येईल, मग येईल, म्हणून ती वाट बघत होती. डोळे कोरडे ठणठणीत.

मुकादमाकडे जाऊन ती म्हणाली, "ऑफ पाहिजे."

"तुझा ऑफ परवा. आज आधीच दोघी नाहीत. मशीनवर काय माझ्या सासूला उभी करू?"

ती नेहमीसारखी हसलीसुद्धा. मग म्हणाली, "भाऊ ऑफ झाला."

'वारला' हा शब्द जिभेवर येतच नव्हता. हा परका शब्द मात्र दिव्याचं बटण दाबावं तसा सहज निघून गेला. मुकादमाचा चेहरा उतरला. "आधी नाही का सांगायचं? जा, जा लवकर."

दादाने लग्न केलं नव्हतं. डोळ्यांनी अधू झालेल्या आईला तोच सांभाळायचा. दारात चारपाच माणसं गप्प उभी होती आणि आई बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसलेली. लेकीची पावलं तिने ओळखली.

"हळू गं. आज दादा ऑफ आहे, शेजारी म्हणाला. निजलाय, निजू दे."

तिने शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

ती आईपुढे बसली. "आई, दादा गेला."

"कुठे गेला? ऑफ आहे ना आज?"

तिने आईला हाताला धरून आत नेलं, पलंगाशी बसवलं आणि तिचा हात दादाच्या पावलांवर ठेवला. आईची बोटं घोट्यापासून अंगठ्यापर्यंत फिरली, तिथेच थांबली.

"गार पडलेत पाय," आई म्हणाली. "मोजे घाल याला."

तिने कपाट उघडलं. पहिल्या जोडीला अंगठ्याशी भोक होतं. ती बाजूला ठेवून तिने तपकिरी जोडी काढली आणि एकेक मोजा चढवला.

"घट्ट होत नाहीत ना?"

"नाही, आई."

टाचेशी वाकडी झालेली शिवण तिने सरळ केली.