पंचाहत्तरांतली एकतिसावी गोमती

शर्मिष्ठा मिरीकर यांचं मूळ चित्र हवं असेल तर आधी त्यांना घर दाखवावं लागे. बाई स्वतः येत, उजेड कुठून येतो ते पाहत, भिंतीवर तळहात ठेवून ओल तपासत, चहा घेत आणि मग काय ते सांगत. नकार मिळालेली दोन-तीन अगदी सुस्थितीतली घरं लखनौत होती. त्यातल्या एका घरी गुलाबी डिस्टेंपर बघून बाईंनी चहासुद्धा घेतला नव्हता. मुलीसाठी स्थळं बघतानाही लोक इतकी चिकित्सा करत नाहीत, असं मराठी मंडळात बोललं जाई. बोलणाऱ्यांत नकारवालेच जास्त होते.

डिसेंबर शहाण्णवमधल्या एका रविवारी ही पाहणी तेलीबागेत, मधुसूदन आगटे यांच्या घरी ठरली.

आगटे बँकेत अधिकारी. चार वर्षांपूर्वी बदली होऊन ते लखनौत उतरले, तेव्हा परत जाण्याचा अर्ज त्यांच्या मनात मसुद्यासह तयार होता. पण चारबागच्या हॉटेलात, रिसेप्शनच्या भिंतीवर, एक चित्र होतं. जवळून पाहिलं तर राखाडी, जांभळे, पिवळे फराटे. रंगाऱ्यानं ब्रश पुसून ठेवावा तसे. चार पावलं मागे गेलं की गोमती नदी. धुकं, एक होडी, पलीकडच्या काठावरचे दिवे, आणि पाण्यात विरघळत गेलेला त्यांचा उजेड. आगटे पुढे गेले, मागे गेले, पुन्हा पुढे गेले. शेवटी काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "साहब, कुछ खो गया क्या?"

अर्ज मनातच राहिला.

चित्रकर्तीचा शोध लागायला फार दिवस लागले नाहीत. मिरीकरबाई फौजी डॉक्टरांच्या पत्नी; डॉक्टर गेल्यावरही छावणीतल्या जुन्या बंगल्यात राहिलेल्या. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात त्यांना 'रोमँटिक इम्प्रेशनिस्ट' म्हटलेलं असे. हे दोन शब्द आगटे बँकेत इतक्या सहजपणे वापरू लागले, की एका शिपायानं ती नवी कर्जयोजना समजून घरी फॉर्म नेतो म्हणून सांगितलं.

बाईंची पद्धत अशी. मूळ चित्र एकच. त्याच्या पंचाहत्तर प्रती कॅनव्हासवर छापून येत, आणि मग बाई एकेक प्रत पुढ्यात घेऊन तिच्यावर हातानं तैलरंग चढवत. त्यामुळे एकही प्रत दुसरीसारखी होत नसे. कुठे होडी अंगानं भरलेली, कुठे पाण्यावर जास्तीची चमक. कोपऱ्यात सही आणि क्रमांक. आगट्यांकडे अशा चार प्रती जमल्या होत्या. चौथी, म्हणजे गोमतीची एकतिसावी, दसऱ्याला आली. मूळ गोमती मात्र अजून बाईंच्या व्हरांड्यात होती, आणि आगटे दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून तिच्यासमोर उभे राहून येत. तिच्यापुढे आपल्या चारही प्रती म्हणजे मोठ्या गवयाच्या मैफलीची कॅसेट आहे, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. कॅसेटवरही त्यांचा जीव होता, ही गोष्ट वेगळी.

तर रविवार. नंदाताईंनी, म्हणजे सौ. आगट्यांनी, चिवडा केला, पडदे धुतले आणि नवऱ्याला शेवटचं विचारलं, "अहो, चित्रांवरची ती प्लॅस्टिकं काढू का?"

"छे! त्यांना दिसू दे की किती जपतो ते."

तेलीबागेत त्या वर्षी रस्ता खोदलेला होता. धूळ दारं बंद करूनही आत येई. म्हणून आगट्यांनी अमीनाबादेतून, टीव्हीची आणि मिक्सरची कव्हरं शिवणाऱ्याकडून, चारही चित्रांना पारदर्शक प्लॅस्टिकची घट्ट कव्हरं शिवून आणली होती. मागे नाड्या. सोफ्यालाही होती. रिमोटलाही होती. घरात प्लॅस्टिक नसलेली माणसं तेवढी तीन होती.

बाई चार वाजता आल्या. साठी उलटलेली, पांढरी शाल, नखांत निळा रंग. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि कव्हरं निरखून पाहू लागल्या.

"हे काय आहे, आगटे?"

"कव्हर, बाई. धुळीसाठी."

"अच्छा. म्हणजे तुम्ही रोज प्लॅस्टिक बघता."

"नाही, आतलं चित्र…"

"काढा बघू."

तीन चित्रांची कव्हरं निमूट निघाली. चौथं जरा चिकटलेलं वाटलं. जाड लावलेला तैलरंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आत कित्येक महिने ओला असतो. ही गोष्ट बँकेच्या कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आगट्यांनी हलकेच ओढलं. चर्र असा आवाज झाला आणि पलीकडच्या काठावरचा सगळ्यात मोठा पिवळा दिवा चित्र सोडून प्लॅस्टिकवर आला.

"पापा," दहा वर्षांची अवनी म्हणाली, "बल्ब निकल गया."

"अवनी, आत जा!" नंदाताई म्हणाल्या. अवनी गेली नाही.

आगट्यांच्या हातात कव्हर, कव्हरावर दिवा. मूळ चित्र आता या घरात येत नाही, हे त्यांना समजलं. ज्याला प्रत सांभाळता आली नाही, त्याच्या पदरात कोण घालील? माफी मागायची म्हणून त्यांनी मान वर केली, तेवढ्यात नजर चित्राकडे गेली, आणि माफी राहूनच गेली. ते सवयीनं चार पावलं मागे सरकले.

"बाई," ते म्हणाले, "पण हा दिवा जास्तच होता."

नंदाताईंच्या हातातली चिवड्याची बशी वाकडी झाली.

"काय म्हणालात?"

"मूळ चित्रात तो नाहीच. तिथे डावीकडे सात दिवे आहेत, मग अंधार आहे, आणि मग एकटा आठवा. मधला अंधार आहे म्हणून तर त्या आठव्याकडे जावंसं वाटतं. होडीचं तोंडही तिकडेच आहे. इथे मध्ये हा दिवा आल्यावर होडीला जायचं कारणच उरत नव्हतं." मग आपण कोणाला शिकवतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही. दसऱ्यापासून खटकत होतं, एवढंच."

"आणि तरी रोज बघत होतात?"

"हो. आणि तो दिवा सुद्धा, तसा, सुंदरच होता."

बाई चित्राजवळ गेल्या. जिथला रंग निघाला होता तिथे बोट ठेवलं, मग त्याही मागे आल्या, आगट्यांच्या शेजारी.

"तिसाव्या प्रतीपर्यंत मी शहाण्यासारखी वागते," त्या म्हणाल्या. "एकतिसाव्याला हात कंटाळतो. वाटतं, द्यावा एक दिवा, कोण बघतंय. तुम्ही सोडून आणखी चव्वेचाळीस लोकांकडे दिवा गेलाय, आगटे. एकानंही तक्रार केली नाही."

मग त्यांनी घर पाहिलं. दिवाणखान्याची भिंत नापास झाली; पश्चिमेचं ऊन थेट पडत होतं. झोपायच्या खोलीत ओल निघाली. पास झाली ती जेवणाच्या जागेतली उत्तरेकडची एकमेव भिंत, जिच्यापुढे फ्रिज उभा होता.

"इथे," बाई म्हणाल्या. "फ्रिज हलवा."

"हलवतो," आगटे म्हणाले.

"कुठे हलवता?" नंदाताई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात ठेवला तर दार अर्धंच उघडेल!"

बाईंनी नंदाताईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घर तुमचंही आहे. आधी एकदा माझ्याकडे येऊन चित्र बघा. नाही आवडलं तर फ्रिज राहू दे, मी रागावणार नाही."

बुधवारी नंदाताई छावणीत गेल्या, त्या दोन्ही बाजू तोलून बोलायच्या तयारीनं. व्हरांड्यात मूळ गोमतीसमोर त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि पाच-सात मिनिटं पुन्हा उचलली नाही. आगटे मागे उभे होते.

"तो आठवा दिवा," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "कोणीतरी वाट बघत ठेवलाय, नाही का हो?"

मिरीकरबाईंनी काही न विचारता चित्र भिंतीवरून उतरवलं आणि बांधायला जुनं सुती पातळ आणायला त्या आत गेल्या.

गोमती आता तेलीबागेत आहे. फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. दुधाचं पातेलं तिरकं करून काढावं लागतं, आणि त्यात थोडं सांडतंच. नंदाताई रोज कुरकुरतात. कुरकुरून झालं की चहाचा कप घेऊन उत्तरेच्या भिंतीसमोर उभ्या राहतात, आणि तेवढ्या वेळात त्यांना कोणी हाक मारलेली चालत नाही.